हवेतले जिवाणू मोजताना मॅकॉन्की अगार (फक्त ग्रॅम-ऋण गटातले जिवाणू वाढू देणारं माध्यम) कोरं राहतं आणि साध्या अगारवर बुरशी माजते. कोणतं निवडक माध्यम, म्हणजे हवे तेच जंतू वाढू देणारं, वापरावं?

माध्यम बदलून फारसा फरक पडणार नाही. चूक क्रमात आहे. हवेत तरंगणारा जिवाणू सुकलेला असतो, वर सॅम्पलरच्या (हवा ओढून प्लेटवर सोडणाऱ्या यंत्राच्या) छिद्रातून वेगाने अगारवर आदळतो. जिवंत असला तरी त्याचं आवरण फाटकं झालेलं असतं. निरोगी ई. कोलाय मॅकॉन्कीतले पित्तक्षार आणि क्रिस्टल व्हायोलेट सहज पचवतो, जखमी ई. कोलाय त्यातच मरतो. म्हणून कोऱ्या मॅकॉन्कीवरून 'हवेत ग्रॅम-ऋण जिवाणू नाहीत' असा निष्कर्ष काढू नका. ते हवेत लवकर मरतात आणि मुळातच कमी सापडतात हेही खरं, पण शून्य मात्र बहुधा माध्यमाचं असतं.

आधी पकडा, सावरू द्या, मग निवडा.

पकडायला ट्रिप्टिक सोय अगार (लिटरला 40 ग्रॅम) घ्या आणि त्यात फक्त बुरशीनाशक घाला. सायक्लोहेक्झिमाइडचं 10 मिग्रॅ प्रति मिली द्रावण निर्जंतुक पाण्यात करून 0.22 मायक्रॉन फिल्टरमधून गाळा. ऑटोक्लेव्ह केलेलं अगार 45 ते 50 अंशांवर आलं की लिटरला 10 मिली, म्हणजे 100 मिग्रॅ. जिवाणूंना याचा त्रास नाही. माणसाला मात्र ते विषारी आहे, भुकटी तोलताना हातमोजे आणि मास्क हवेच.

30 ते 35 अंशांवर ठेवा आणि पहिली मोजणी 24 तासांच्या आतच करा, वसाहतींवर मागून मार्करने खुणा करा. बॅसिलसची एखादी पसरट वसाहत रात्रीत शेजारच्या चार गिळते, मग 48 तासांनी मोजण्यात अर्थ उरत नाही. त्यानंतर एकेक वसाहत मॅकॉन्की, मॅनिटॉल सॉल्ट (स्टॅफिलोकोकससाठी) किंवा सेट्रिमाइड (स्यूडोमोनाससाठी) अगारवर स्ट्रीक करा, म्हणजे तारेने रेघा ओढून पसरवा.

वसाहती फार असतील किंवा थेट निवडक मोजणीच हवी असेल, तर मला इंपिंजर (हवेतले कण द्रवात पकडणारं उपकरण) आणि फिल्टर हा मार्ग जास्त भरवशाचा वाटतो. फॉस्फेट बफरमध्ये (0.01 टक्के ट्वीन 80 घालून) नमुना घ्या. त्यातलं 10 मिली 0.45 मायक्रॉनच्या पटलातून गाळा, पटल आधी साध्या अगारवर 35 अंशांना 2 तास ठेवा आणि मग चिमट्याने उचलून मॅकॉन्कीवर ठेवा. पेशी पटलावर जागच्या जागी सावरते, त्यामुळे ती दुभंगली तरी वसाहत एकच मोजली जाते. ठेवताना पटलाखाली बुडबुडा राहिला, तर तेवढ्या भागाला माध्यम पोचत नाही. पटल एका कडेपासून हळूहळू टेकवत न्या.

मॅनिटॉल सॉल्टचं थोडं वेगळं. त्यात 7.5 टक्के मीठ असतं आणि स्टॅफिलोकोकस सुकेपणालाही चिवट, त्यामुळे थेट नमुना घेतला तरी बऱ्यापैकी उगवतं. पण मायक्रोकोकसही उगवतो. पिवळी वसाहत म्हणजे स्टॅफ ऑरियस (स्टॅफिलोकोकस ऑरियस) असं धरू नका, कोॲग्युलेज चाचणी (जिवाणू रक्तद्रव गोठवतो का हे पाहणारी) करा.

सहा पायऱ्यांच्या अँडरसन सॅम्पलरमध्ये (छिद्रांच्या थरांतून हवा प्लेटवर सोडणाऱ्या) प्लेटमधलं अगार 27 मिली हवं (मूळच्या काचेच्या प्लेटसाठी). कमी ओतलंत तर छिद्र आणि अगार यांतलं अंतर वाढतं आणि बारीक कण न आदळता निसटतात. वेग मिनिटाला 28.3 लिटर, म्हणजे 10 मिनिटांत 283 लिटर. एकूण 23 वसाहती आल्या तर घनमीटरला साधारण 81. वसाहती दाट असतील तर एकाच छिद्राखाली दोन पेशी पडलेल्या असू शकतात, तेव्हा छिद्र-दुरुस्तीचा तक्ता (अशा दुहेरी पेशींचा हिशेब धरून मोजणी सुधारणारा) वापरल्याशिवाय आकडा लिहू नका. फार वेळ चालवलंत तर अगार सुकतं, आणि मॅनिटॉल सॉल्टमध्ये मीठ आणखी तीव्र होतं.

दर वेळी एक प्लेट सॅम्पलरमध्ये ठेवून पंप न लावता काढा, म्हणजे हाताळताना जंतू शिरले का ते कळेल. आणि मॅकॉन्कीच्या प्रत्येक बॅचवर ई. कोलाय उगवतो आणि स्टॅफ ऑरियस अडतो हे आधी तपासा, नाहीतर कोरी प्लेट हवेमुळे कोरी राहिली की माध्यमामुळे, हे कळायला मार्ग नाही.