नव्या साच्यातून शिशाच्या गोळ्या सुरकुतलेल्या येतात, साचा सदोष समजून परत करू का?

लगेच परत करू नका. सुरकुत्या आणि गोलसर राहिलेल्या कडा बहुतेक वेळा साच्याचा दोष नसतात. नवा साचा गंजू नये म्हणून त्याला तेल लावलेलं असतं. ते पोकळीत जरासं उरलं तरी शिसं नीट भरत नाही. गरम पाणी, भांड्यांचा साबण आणि जुना टूथब्रश घेऊन घासा, मग पूर्ण कोरडा करा. पूर्ण म्हणजे पूर्णच! वितळलेल्या शिशाखाली पाण्याचा थेंब सापडला तर वाफ होऊन शिसं अंगावर उडतं.

दुसरं कारण म्हणजे थंड साचा. सुरुवातीच्या गोळ्या पुन्हा भांड्यात टाका आणि न थांबता ओतत राहा. गोळीवर पांढुरकी झाक आली की साचा जास्त तापलाय.

आता खरा दोष कसा ओळखायचा? साचा मिटून उजेडासमोर धरा. दोन भागांच्या मधून प्रकाश दिसला तर आधी कडेला बर (धातूचा उरलेला खरखरीत कंगोरा) किंवा शिशाचा कण अडकलाय का पाहा. काहीच नसेल, तर भाग नीट जुळत नाहीत. मग चांगली भरलेली गोळी मायक्रोमीटरने जोडरेषेवर आणि तिच्या काटकोनात मोजा. दोन्ही मापांत ठळक फरक असेल किंवा अर्धे भाग एकमेकांवरून सरकलेले दिसत असतील, तर बिनधास्त बदलून मागा.

नुसता व्यास कमी भरला तर मिश्रधातू तपासा. शुद्ध शिसं अँटिमनीच्या (शिसं कडक करायला मिसळतात तो धातू) मिश्रणापेक्षा जास्त आकसतं.