नोव्हाचा, म्हणजे अचानक उजळणाऱ्या ताऱ्याचा, स्फोट दृश्य प्रकाशात लगेच दिसतो, मग त्याचे क्ष-किरण कित्येक आठवड्यांनी का दिसू लागतात?

क्ष-किरण स्फोटाच्या वेळीही निर्माण होत असतात, पण सुरुवातीला त्यांची वाट अडलेली असते. जोडताऱ्यातील (एकमेकांभोवती फिरणाऱ्या दोन ताऱ्यांतील) श्वेत बटू, म्हणजे इंधन संपलेल्या ताऱ्याचा उरलेला दाट गाभा, शेजारच्या ताऱ्याकडून हायड्रोजनयुक्त वायू ओढून घेतो. साचलेल्या थराच्या तळाशी दाब आणि तापमान पुरेसे वाढले की अणुसंमीलन अनावर होते आणि वरचा वायू सेकंदाला शेकडो ते हजारो किलोमीटर वेगाने बाहेर फेकला जातो. हे दाट आवरण आतले क्ष-किरण शोषून घेते व ती ऊर्जा मुख्यतः दृश्य प्रकाशाच्या रूपात बाहेर टाकते. आवरण पसरून विरळ झाल्यावरच श्वेत बटूच्या पृष्ठभागावर अजून चालू असलेले अणुसंमीलनाचे ज्वलन थेट दिसते, आणि तिथले तापमान काही लाख अंश असल्यामुळे हे क्ष-किरण कमी ऊर्जेचे, म्हणजे ‘मृदू’ असतात.

अधिक ऊर्जेच्या क्ष-किरणांचा उगम वेगळा आहे. आरएस ओफियुची या जोडताऱ्यातील सोबती तांबडा राक्षसी तारा असून, २००६ च्या स्फोटात फेकलेला वायू त्या राक्षसी ताऱ्याच्या वाऱ्यावर, म्हणजे त्यातून सतत बाहेर वाहणाऱ्या वायूवर, आदळून कोट्यवधी अंशांपर्यंत तापला. त्यामुळे स्विफ्ट उपग्रहाला तिथे पहिल्या काही दिवसांतच अधिक ऊर्जेचे क्ष-किरण दिसले, तर मृदू क्ष-किरण सुमारे महिनाभराने.

या विषयातले मला सर्वांत मोलाचे वाटणारे निरीक्षण ७ जुलै २०२० चे आहे. आवरण फुगण्यापूर्वी काही तासांची क्ष-किरण झळक दिसावी, असे भाकीत कित्येक वर्षे होते. ती झळक वायझेड रेटिक्युली या नोव्हात ईरोसिटा या अवकाशातील क्ष-किरण दुर्बिणीने प्रत्यक्ष टिपली, आणि तीही दृश्य प्रकाशात तारा उजळण्याच्या काही तास आधी.