पिवळे चतुर पावसाळ्यानंतर जातात कुठे?

प्रश्न असा आहे: पावसाळा सरताना मैदानावर घिरट्या घालणारे पिवळे चतुर दिवाळीपर्यंत गायब होतात. मरतात की कुठे जातात?

बरेच मरतात, पण काही चक्क समुद्र ओलांडतात. शास्त्रीय नाव पँटाला फ्लॅवेसेन्स. मालदीवमध्ये राहणाऱ्या चार्ल्स अँडरसन या जीवशास्त्रज्ञाला कोडं पडलं, की जिथे नदी नाही, ओढा नाही, तिथे दर ऑक्टोबरात एवढे चतुर येतात कुठून? २००९ साली त्याने मांडलं, की ते भारताकडून येतात, हजार मीटरच्या वर वाहणाऱ्या ईशान्येच्या वाऱ्यावर, आणि पुढे पूर्व आफ्रिका गाठतात. जाऊन-येऊन १४ ते १८ हजार किलोमीटर, तेही चार पिढ्यांत. गेलेला परतत नाही, त्याची पतवंडं पावसाबरोबर येतात.

आता माझं दुखणं. आम्ही इंदूरचे, लोकमान्य नगरातले. गच्चीवर सासूबाईंच्या काळचा सिमेंटचा हौद आहे. एका जुलैत तो पावसाने भरला आणि चतुरांच्या माद्या शेपटी बुडवून अंडी घालू लागल्या. (खाली उभ्या गाडीच्या चकचकीत बॉनेटवरही घालत होत्या, पाणी समजून.) साचलेलं पाणी आटायच्या आत वाढायचं असतं, म्हणून यांची पिल्लं भराभर वाढतात, पाच ते नऊ आठवड्यांत पंख. मी रोज बघायची. मातकट, चपटी पिल्लं, डासांच्या अळ्या मटकावणारी. पाचव्या आठवड्यात एका काडीवर पहिली रिकामी कात दिसली. म्हणजे एक उडाला!

दुसऱ्या दिवशी शेजारच्या काकांनी हौदात गाडीचं जळकं ऑइल ओतलं. न विचारता. "डास होतात, सूनबाई. देशातलं सगळ्यात स्वच्छ शहर आहे आपलं." संध्याकाळी मी चहाच्या गाळणीने मेलेली पिल्लं काढली. बावीस होती. काकांना नेऊन दाखवली, तर म्हणाले, "हेच ते डास."

तेव्हा तुम्हाला सांगते, साचलेलं पाणी दिसलं की ऑइल ओतणारा माणूस अडाणी असतो, मग तो बँकेतून मॅनेजर म्हणून निवृत्त झालेला का असेना. ओतण्याआधी वाकून बघा आत कोण आहे. काकांनी वाचलं तर वाचू दे.

हं, एक आहे. पाणी नुकतंच साचलं असेल तर चतुराची पिल्लं मोठी व्हायच्या आत डास आठ-दहा दिवसांत उडून मोकळे होतात. त्यामुळे कुंडीखालच्या बशा, टायर, कूलर यांतलं पाणी ओतूनच द्या. आणि काकांच्या नातवाला आदल्या वर्षी डेंगू झाला होता, चार दिवस ॲडमिट होता. हे मला तेव्हाही माहीत होतं.

हौद अजून आहे. काकांनीच जाळी आणून बसवली. डास जात नाहीत आत. चतुरही नाही.