जुनं टर्बोप्रॉप विमान घेताय? आधी लॉगबुक मागा

अहो, किंग एअरचा (दोन इंजिनांचं टर्बोप्रॉप, म्हणजे टर्बाइननं पंखा फिरवणारं विमान) नवा रंग अन् चामडी सीटा बघून भुलू नका. त्यातल्या पीटी6 इंजिनाचं ओव्हरहॉल, म्हणजे पूर्ण उघडून दुरुस्ती, साधारण 3,600 तासांना येतं, मध्ये 1,800 च्या आसपास हॉट सेक्शनची, म्हणजे इंजिनातल्या तापणाऱ्या भागाची, तपासणी. लॉगबुकात ओव्हरहॉलनंतर 3,300 तास दिसणारं विमान स्वस्त मिळतं ते उगाच नाही. दोन्ही इंजिनांचं बिल तुमच्या गळ्यात.

मी एकदा बोरोस्कोपमधून (इंजिनात घालून बघायच्या बारीक दुर्बिणीतून) टर्बाइनच्या पात्यांच्या कडा खाल्लेल्या पाहिल्या आणि इसार न देता उठलो. विकणारा तरी चहाचा आग्रह करतच होता! तपासायला आपलाच इंजिनिअर न्या.

आणि ठेवणार कुठे? पुण्याचं लोहगाव हवाई दलाचा तळ आहे, तिथं पार्किंग गृहीत धरू नका. बारामतीत आधी चौकशी करा, मग भावाचं बोला.