लिनक्सवर स्टॅटिक लायब्ररीतल्या ऑब्जेक्ट फायलींची सिंबॉल्स (फंक्शन्स, व्हेरिएबल्स वगैरेंची नावं) सी प्रोग्राममधून कशी वाचावीत?

फक्त ईएलएफ, म्हणजे लिनक्सवरचा ऑब्जेक्ट फायलींचा नेहमीचा फॉरमॅट, वाचायचा असेल तर सरळ लिबएल्फ ही लायब्ररी घ्या. जीएनयूची बीएफडी ही लायब्ररी कितीतरी फॉरमॅट हाताळते, पण तिचा इंटरफेस आवृत्तीगणिक बदलतो. नुसत्या वाचनासाठी मी ती सुचवणार नाही.

आधी ‘एल्फ_व्हर्जन’ कॉल कराच, नाहीतर ‘एल्फ_बिगिन’ नल परत करतं. मग ‘एल्फ_काइंड’ तपासा. आर्काइव्ह (म्हणजे अनेक ऑब्जेक्ट फायली एकत्र ठेवणारी फाइल; स्टॅटिक लायब्ररी अशीच असते) निघाली, तर तिचा डिस्क्रिप्टर, म्हणजे ‘एल्फ_बिगिन’ने परत केलेला पॉइंटर, तिसरा आर्ग्युमेंट म्हणून देऊन ‘एल्फ_बिगिन’ पुन्हा कॉल करा. आतली एक फाइल हाती येते. गाडी अडते ती पुढच्या पायरीवर. पुढच्या फाइलकडे नेणाऱ्या ‘एल्फ_नेक्स्ट’ला आर्काइव्हचा नव्हे, त्या आतल्या फाइलचा डिस्क्रिप्टर द्यायचा, आणि तोही ‘एल्फ_एंड’ने बंद करण्याआधी.

सिंबॉल टेबलचा सेक्शन सापडला की नोंदी ‘जीएल्फ_गेटसिम’ने वाचा, 32 आणि 64 बिट दोन्ही चालतात. नावं त्याच सेक्शनच्या ‘एसएच_लिंक’ या फील्डने दाखवलेल्या स्ट्रिंग टेबलात असतात.

आर्काइव्ह हाताने पार्स करायचा मोह मात्र टाळा. 60 बाइट्सचं हेडर, साध्या अंकांत लिहिलेला आकार, इथवर सगळं सोपं दिसतं. पण लांब नावं वेगळ्याच ठिकाणी ठेवलेली असतात आणि विषम लांबीच्या फाइलनंतर एक जादा बाइट येतो. ‘एल्फ_गेटएआरएचडीआर’ पूर्ण नाव आयतं देतं.