वाचकांचे प्रश्न : पन्नाशी, पुस्तके आणि प्रवास

प्रश्न : मी बावन्न वर्षांची असून कोथरूडला राहते. नोकरी सोडून आता काही काळ झाला. मुलगा बंगळूरला आहे, मुलीचे लग्न झाले आहे. लग्नापूर्वी वाचनालयातून एका दिवसात पुस्तक वाचून परत करणारी मी आता दहा पानांच्या पुढे जात नाही. हात आपोआप मोबाईलकडे वळतो. फिरण्याचीही हौस आहे, पण यजमानांना प्रवासाचा कंटाळा आहे आणि घरी सासूबाई आहेत. एकटीने जाते म्हटले तर कोणी ‘नको’ म्हणत नाही, मात्र ‘कशासाठी?’ असे विचारतात आणि मी गप्प बसते. काय करावे?

उत्तर : आपल्या पत्राच्या शेवटापासून सुरुवात करते. यजमान क्रिकेटचा सामना पाहायला बसतात, तेव्हा तो कशासाठी, असे त्यांना कोणी विचारीत नाही, आणि विचारलेच तर ‘आवडतो म्हणून’ एवढे उत्तर पुरते. तेवढेच उत्तर आपल्यालाही पुरावे. आपल्या पिढीच्या स्त्रियांना मात्र आवडीच्या गोष्टीला काहीतरी उपयोग चिकटवल्याखेरीज तिच्यासाठी वेळ काढता येत नाही : सहल असेल तर ती देवदर्शनाची हवी, पुस्तक असेल तर ते नातवंडांना गोष्टी सांगण्यासाठी हवे. म्हणून ‘कशासाठी?’ हा प्रश्न घरच्यांनी विचारण्याआधी आपणच स्वतःला विचारून ठेवलेला असतो.

व्यवहारातला उपाय असा की परवानगी मागू नये, तारीख सांगावी. ‘जाऊ का?’ असे विचारले की घरातल्या प्रत्येकाला काहीतरी मत देणे भाग पडते. ‘गुरुवारी सकाळच्या लोकलने मी मळवलीला जाते आहे, संध्याकाळी परत येईन, आईंचे दुपारचे जेवण आणि गोळ्या तुम्ही पाहा,’ असे चार दिवस आधी सांगितले की घर त्याप्रमाणे सोय लावते. यातले शेवटचे वाक्य गाळू नये. आदल्या रात्री दोन भाज्या करून, डबे भरून, त्यांवर चिठ्ठ्या लावून निघणारी बाई स्टेशनवर पोहोचेपर्यंतच दमलेली असते.

आता वाचनाविषयी. आपली आवड गेलेली आहे, असे मला पत्रावरून वाटत नाही. कुकरच्या दोन शिट्यांच्या मध्ये वाचण्याची तीस वर्षांची सवय एकाएकी सुटत नाही. कोणी हाक मारील या बेताने मन अर्धे बाहेरच उभे असते. त्यातच रजोनिवृत्तीच्या काळात अनेकींची झोप तुटक होते, त्यामुळे रात्री अंथरुणावर पुस्तक उघडले की पान संपण्याआधी डोळा लागतो आणि आपल्याला वाटते की वाचन जमत नाही. तेव्हा वाचनाची वेळ रात्रीची ठेवू नये. सकाळचा चहा झाल्यावर किंवा दुपारी घर शांत असताना, शक्यतो ठरलेल्या एकाच खुर्चीवर, मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवून अर्धा तास बसावे. सहाशे पानांची कादंबरी तूर्त हाती घेऊ नये. ललित निबंध, कथा, व्यक्तिचित्रे यांपासून आरंभ करावा. गेल्या वर्षीचे दिवाळी अंक त्यासाठी उत्तम, कारण एका बैठकीत एक लेख पुरा होतो आणि पुरा झाल्याचे समाधान दुसऱ्या दिवशी पुन्हा खुर्चीकडे नेते. शिवाय वाचनालयाचे सभासदत्व पुन्हा घ्यावे. पुणे नगर वाचन मंदिर 1848 पासून या शहरात आहे, आणि पेठांपासून उपनगरांपर्यंत लहान वाचनालयेही तग धरून आहेत. पुस्तक परत करण्याची तारीख हा एक उपयुक्त धाक असतो. विकत घेतलेले पुस्तक कपाटात कितीही वर्षे वाट पाहते.

प्रवास आणि वाचन यांची सांगड घातली तर दोन्ही सोपे होतील, असे मी सुचवीन. उदाहरणार्थ, पुणे-लोणावळा लोकलने मळवलीला उतरले की एका बाजूला भाजे आणि दुसऱ्या बाजूला कार्ले, अशी दोन लेणी आहेत. कार्ल्याच्या चैत्यगृहात, म्हणजे बौद्धांच्या प्रार्थनागृहात, छताला सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या लाकडी कमानी अजून टिकून आहेत, आणि खांबांवर ज्यांनी ते खांब दान दिले त्यांचे लेख ब्राह्मी लिपीत कोरलेले आहेत. त्यांतले कित्येक दाते धेनुकाकट नावाच्या गावचे असून काही जण स्वतःला यवन, म्हणजे त्या काळच्या अर्थाने ग्रीक, म्हणवतात. हे आधी वाचून गेलेली बाई त्या खांबापाशी थांबते, बोटाने न शिवता अक्षरांची ओळ शोधते, आणि तिचा अर्धा तास कसा गेला ते तिला कळत नाही. न वाचता गेलेली बाई लेण्याशेजारच्या एकवीरा देवीचे दर्शन घेऊन, फोटो काढून दहा मिनिटांत खाली उतरते. (दर्शन घेऊ नये, असे माझे म्हणणे नाही.) गणितज्ञ दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी पुण्यात राहून या परिसरातील लेणी, देवस्थाने आणि जुन्या वाटा पायी हिंडून अभ्यासल्या; त्यांचे लेखन जाण्याआधी चाळले तर देवीच्या त्या गर्दीकडेही वेगळ्या नजरेने पाहता येईल. दुपारच्या वेळी लोकल कमी असतात, म्हणून परतीची गाडी आधी पाहून ठेवावी.

दुसरे उदाहरण आषाढातले. इरावती कर्वे यांच्या ‘परिपूर्ती’ या संग्रहात वारीवरचा ‘वाटचाल’ हा लेख आहे. तो वाचून ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखीबरोबर पुण्याहून सासवडच्या दिशेने निघावे. दिवे घाटाची चढण गुडघ्यांना झेपत नसेल तर हडपसरपर्यंत चालून परत फिरावे. आपल्यापुढे चाललेल्या बाईने डोक्यावरची तुळस न धरता कशी तोलली आहे, हे पाहत दोन तास चालणे हाही प्रवासच आहे, आणि त्यासाठी रजा, आरक्षण किंवा यजमानांची सोबत यांपैकी काहीच लागत नाही.

प्रश्न : बसमध्ये पुस्तक उघडले की मला मळमळते. नव्या प्रोग्रेसिव्ह चष्म्याने वाचता येते, पण पर्वतीच्या पायऱ्या उतरताना पाय चुकतो. वय त्रेपन्न. हे वयाचे लक्षण समजावे का?

उत्तर : पहिल्या तक्रारीचा वयाशी विशेष संबंध नाही. डोळ्यांपुढचे पान स्थिर असते आणि कानातले तोल सांभाळणारे इंद्रिय मात्र वळणे व धक्के नोंदवीत असते. मेंदूला या दोन बातम्या जुळवता येत नाहीत, म्हणून मळमळते. घाटातल्या बसमध्ये वाचू नये, खिडकीतून दूरवर पाहावे आणि हवे तर श्राव्य पुस्तक ऐकावे. रेल्वेत हा त्रास बहुतेकींना कमी होतो.

दुसरी तक्रार चष्म्याची आहे. प्रोग्रेसिव्ह भिंगाचा खालचा भाग जवळचे वाचण्यासाठी असतो. पायरी उतरताना आपली नजर नेमकी त्याच भागातून जाते आणि पायरीची कड अंधुक दिसते. हनुवटी छातीकडे झुकवून भिंगाच्या वरच्या भागातून पाहण्याची सवय करावी, कठड्याला हात ठेवावा, आणि किल्ले, लेणी, घाट अशा ठिकाणी फिरण्यासाठी केवळ दूरच्या नंबरचा एक साधा चष्मा वेगळा करून घ्यावा. तरीही तोल जात असेल तर नेत्रतज्ज्ञांबरोबरच आपल्या नेहमीच्या डॉक्टरांनाही दाखवावे; ते वयावर ढकलून देऊ नये.

प्रश्न : आमच्या भिशीच्या मैत्रिणी पर्यटन कंपनीबरोबर आठ दिवसांत सात शहरे पाहायला निघाल्या आहेत. मला एकाच गावी राहून निवांत वाचायचे आहे. वेगळे पडू का? खर्चाचाही विचार आहे.

उत्तर : मैत्रिणी आवडत असतील तर एकदा जाऊन यावे, गप्पांसाठी, पण बॅगेत भरलेले पुस्तक तसेच परत येईल, हे गृहीत धरावे. निवांतपणा हवा असेल तर एकीलाच बरोबर घ्यावे, आणि तीही वाचणारी असावी, कारण न वाचणारी सोबतीण दर पाच मिनिटांनी ‘काय वाचतेस?’ असे विचारते. वाई, जुन्नर, हर्णै यांपैकी एका ठिकाणी तीन दिवस राहिले तरी पुष्कळ होते. एसटीच्या सर्व बसगाड्यांत 17 मार्च 2023 पासून महिलांना राज्यांतर्गत प्रवासासाठी निम्मे तिकीट आहे. रेल्वेत 45 वर्षे पूर्ण झालेल्या स्त्रियांसाठी खालच्या बर्थचा कोटा असतो. एकटीने किंवा दोघींनी मिळून आरक्षण करताना तो पर्याय निवडावा. मुक्कामाची जागा ठरवताना मालकांशी फोनवर बोलावे, बसस्थानकापासूनचे अंतर विचारावे, आणि खोलीत वाचण्याजोगा दिवा आहे का, हेही विचारून घ्यावे.