सुपरमार्केटमध्ये डिपार्टमेंट मॅनेजर आहे, कंपनी सिस्टीम टीममध्ये बदली देतेय. रिटेलमध्ये लांबचा पल्ला गाठायचा तर फ्लोअर सोडावा का?

बदली नक्की घ्या. फ्लोअरशी संबंध मात्र तोडू नका.

2001 मध्ये बिग बझार आलं, 2002 मध्ये पवईला पहिलं डी-मार्ट उघडलं. त्याच सुमारास मी किराणा सेक्शनला सुपरवायझर म्हणून लागलो. पुढे स्टोअर सांभाळलं, एरिया सांभाळला, आणि आता बरीच वर्षं इन्व्हेंटरी आणि आयटम मास्टर (प्रत्येक वस्तूचा कोड, किंमत, कर यांची सिस्टीममधली यादी) बघतोय. या काळात किती पाट्या लागल्या आणि उतरल्या. 2022 मध्ये तर बिग बझारचीच उतरली. माझ्या ओळखीतल्या ज्यांना स्क्रीनवरचा स्टॉक आणि शेल्फवरचा माल का जुळत नाही हे शोधता यायचं, त्यांना दुसरीकडे जागा मिळायला फार वेळ लागला नाही.

हे शोधणं म्हणजे काय, ते एका उदाहरणाने सांगतो. संध्याकाळचे सात, काउंटरवर रांग. गिऱ्हाईक चार चवींची क्रीम बिस्किटं आणतं, सगळी दहा रुपयांची. कॅशियर इलायचीचं एक पाकीट स्कॅन करतो आणि क्वांटिटी चार मारतो. बिल बरोबर, गल्ला बरोबर, तक्रार कुणाचीच नाही. पण सिस्टीममध्ये इलायचीची चार पाकिटं कमी झाली आणि ऑरेंजचं एकही नाही. हे रोज होत राहिलं की इलायची मायनसमध्ये जाते, आणि ऑरेंजचं शेल्फ रिकामं असताना स्क्रीनवर भरपूर माल दिसतो. माल दिसतोय म्हणून ऑटो-ऑर्डर निघत नाही. ऑर्डर नाही म्हणून माल नाही, माल नाही म्हणून विक्री नाही. दोन महिन्यांनी मुख्य ऑफिसमध्ये कुणीतरी रिपोर्ट बघून ठरवतो की ऑरेंज चालत नाही, बंद करा. चांगला चालणारा आयटम असा मरतो!

नुसता रिपोर्ट बघणाऱ्याला हे कधीच सापडणार नाही. तुम्हाला सापडेल, कारण तुम्ही त्या रांगेच्या टोकाला उभे राहिला आहात. आणि त्यावर कॅशियरला झापणं हा उपाय नाही, हेही तुम्हालाच कळेल. अशा आयटमना क्वांटिटीचं बटण (की) बंद करायचं, म्हणजे प्रत्येक पाकीट वेगळं स्कॅन होईल, आणि दर आठवड्याला तेवढ्याच रॅकची मोजणी लावायची. सिस्टीम टीमचं खरं काम हे आहे.

दुसरी गोष्ट एमआरपीची. आपल्याकडे एकाच बारकोडचा माल दोन एमआरपींत एकाच वेळी शेल्फवर असतो, जुना लॉट आणि नवा लॉट. छापील किमतीपेक्षा एक रुपयाही जास्त घेता येत नाही, म्हणून बिलिंगला कुठली एमआरपी ते निवडावं लागतं. 1 जुलै 2017 ला जीएसटी लागू झाला तेव्हा प्रत्येक आयटमला एचएसएन कोड (करासाठीचा वस्तूचा वर्गीकरण क्रमांक) आणि दर लावून सगळा मास्टर तयार ठेवावा लागला. त्याच वर्षी नोव्हेंबरात अनेक वस्तू 28 वरून 18 टक्क्यांवर आल्या, पुन्हा तेच. 22 सप्टेंबर 2025 ला साबण, शॅम्पू, टूथपेस्ट 18 वरून 5 टक्क्यांवर आली, तेव्हा पाकिटावर जुनी किंमत आणि बिलात कमी किंमत. अशा दिवशी कायदा, मास्टर आणि शेल्फ-टॅग तिन्ही ज्याला कळतं त्याच्यावर कंपनी अवलंबून असते. माझी बहुतेक प्रमोशन्स अशाच दिवसांच्या आगेमागे झाली आहेत.

शिकायचं काय? एक्सेल पक्कं करा, मग एसक्यूएल (डेटाबेसमधून माहिती काढायची भाषा), स्वतःचा प्रश्न स्वतः विचारता येईल इतपत. सॉफ्टवेअरच्या महागड्या सर्टिफिकेटला मी फार किंमत देत नाही. सॉफ्टवेअर बदलतं, इनवर्डला, म्हणजे माल उतरवून घेतात तिथे, तो कसा येतो ते बदलत नाही. वजनकाट्याच्या लेबलचा बारकोड 2 ने का सुरू होतो, त्यातले कुठले आकडे आयटमचे आणि कुठले वजनाचे किंवा किमतीचे, ‘बारावर एक फ्री’ आला की जीआरएनमध्ये (आलेल्या मालाच्या नोंदीत) तो तेरावा नग कुठे जातो, असे प्रश्न धरून बसा.

बदलीचा हुकूम हातात घेण्याआधी दोन गोष्टी मागून घ्या. आठवड्यातला एक दिवस स्टोअरमध्ये, आणि वार्षिक स्टॉक-टेकच्या (सगळ्या मालाच्या मोजणीच्या) रात्री प्रत्यक्ष हजेरी. पहिल्या वर्षी हुद्दा वाढला नाही तरी चालेल, पण या दोन गोष्टींवर अडून बसा.

आणि तारीख तुमच्या हातात असेल तर दिवाळी झाल्यावरची घ्या. ऐन सणात डिपार्टमेंट नव्या माणसावर टाकून गेलात तर स्टोअर मॅनेजर ते विसरणार नाही, आणि उद्या क्वांटिटीची की बंद करायला तुम्हाला त्याच्याच दारात जायचं आहे.